डाव्या खांद्यावरचा गेअर

प्रेमानंद रामटेकेचा उजवा पाय मोटारसायकलच्या सीटवरून पलीकडे गेला नाही, तो दिवाळीनंतरचा सोमवार होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात, देखभाल खात्यात, त्याची एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी लोखंडी जिन्यांवर गेली होती. सुटी झाल्यावर गेटबाहेरच्या स्टँडवर त्याने नेहमीसारखा पाय उचलला. पाय अर्ध्यावर थांबला. मग तो गाडीसकट शेजारच्या तीन गाड्यांवर कलंडला.

कवडू त्याच्याच खात्यातला फिटर. तो पळत आला आणि गाड्या एकेक उभ्या करत म्हणाला, "रामटेके भाऊ, गाडीची उंची नाही वाढली गा. आपणच खाली चाललो."

"हसू नको. मले उठव आधी."

"उठवतो. पण ही गाडी आता तुमची नाही. तुमाले ती लांबडी पाहिजे, पाय समोर टाकून बसायची. बुलेटसारखी दिसते, पण इंजिन लहान. गरिबाले परवडते. तिची सीट खाटेएवढी खाली असते."

प्रेमानंदला ती थट्टा वाटली. तसल्या गाड्यांवर कॉलेजची पोरं फुटाळा तलावावर फेऱ्या मारतात. तो छप्पन्न वर्षांचा होता आणि त्याच्या डब्यात बिनतेलाची भाजी असायची.

हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि दोन गोष्टी सांगितल्या. पाय उंच टाकायचा नाही. गुडघा काटकोनात दुमडून फार वेळ बसायचं नाही. म्हणजे स्कूटरही गेली. ती त्याच्या बायकोने, देवकीने, तशीही बाद केली होती. पाच वर्षांपूर्वी कोराडी रस्त्यावर सांडलेल्या कोळशाच्या चुरीवर स्कूटरचं लहान चाक घसरलं आणि तिचं मनगट मोडलं. थंडीत ते अजून दुखायचं. कार त्याला येत नव्हती. एकदा शिकायला गेला होता, चौथ्या दिवशी सोडून आला.

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत देवकी शिकवायची. शाळा खापरखेड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून साडेतीन किलोमीटर आत. बावीस वर्षं दोघं नागपुरातल्या नारी रोडवरच्या घरातून एकाच गाडीवर निघत होते. तो तिला शाळेत सोडायचा आणि पुढे ड्युटीवर जायचा. त्याची ड्युटी आधी, म्हणून ती शाळा भरायच्या सव्वा तास आधी पोचायची आणि म्हणून शाळेची किल्ली तिच्या पर्समध्ये असायची. गावातले बरेच आईबाप राखेच्या विटांच्या कारखान्यात कामाला होते, दिवस उजाडताच घर सोडायचे. त्यांची पंधरा-वीस पोरं आंघोळ करून, कधी न करताच, साडेआठपासून शाळेच्या फाटकाशी यायची. देवकी कुलूप काढायची, पोरं आत बसायची. कोणी पाढे म्हणायचं, कोणी नुसतं झोपायचं. हे कुठल्या वेळापत्रकात नव्हतं, कुठल्या अहवालात नव्हतं. ते गाडीच्या वेळेवर चाललं होतं.

तिच्या निवृत्तीला चौदा महिने होते, त्याच्या निवृत्तीला एकोणीस. कागदावर ती त्याच्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठी होती.

"बसनं जाईन मी," देवकी म्हणाली.

"किती वाजता पोचशील?"

"फाट्यावर साडेनऊ. तिथून ऑटो भरला तर दहा. नाही भरला तर सव्वादहा."

"आणि पोरं?"

"पोरं बसतील पायरीवर. दुसरं काय करतील?"

ती भाजी चिरत होती आणि वर पाहत नव्हती. रविवारी प्रेमानंदने कवडूला फोन करून ती लांबडी गाडी शोधायला सांगितली.

तोवर तो ओट्यावरून जुन्याच गाडीवर कसाबसा चढून तिला शाळेत सोडत राहिला. लांबडी गाडी जुन्या नागपुरात, महाल भागात सापडली. नव्या साध्या मोटारसायकलच्या निम्म्या किमतीत, चार वर्षांची, काळी, दीडशे सीसीची. मालकाचं नाव विक्की. खाली त्याच्या वडिलांचं, भैय्याजींचं, स्टीलच्या भांड्यांचं दुकान आणि वर घर. गल्ली इतकी अरुंद की गाडी बाहेर काढायला आधी कळशांची थप्पी आत घ्यावी लागली.

"बसा काका, बसून तर पाहा," विक्की म्हणाला. "एकदम मख्खन. लग्न ठरलं म्हणून विकून राहिलो, नाहीतर जीव आहे माझा हिच्यात."

"लग्नाचा आणि गाडीचा काय संबंध?" देवकीने विचारलं.

"तिकडच्या लोकांनी कार देतो म्हटलं, काकू."

"देतो म्हटलं का तू मागितली?"

विक्की हसला आणि फडक्याने टाकी पुसू लागला.

प्रेमानंद बसला. पाय फारसा उचलावाच लागला नाही, सरकवला तरी पुरलं. दोन्ही तळवे जमिनीवर पुरे टेकले. मग त्याने पाय पुढच्या पायटेकण्यांवर ठेवले. गुडघा लांब झाला आणि महिनाभर त्याच्या आत जे करकरत होतं ते गप्प झालं. घेणाऱ्याने खूश दिसू नये, एवढं त्याला कळत होतं. पण चेहरा लपला नसावा, कारण दुकानातून भैय्याजी ओरडले, "विक्की, आता एक रुपया कमी करू नको गा! साहेबांचा गुडघा हसून राहिला."

मग देवकी बसली. बावीस वर्षं बसत आली तशी, दोन्ही पाय एका बाजूला, पर्स मांडीवर. मागची सीट लहान होती, पुढे उतरती होती आणि पाठीला टेकायला उभी दांडी होती, ती तिच्या डाव्या खांद्यात रुतत होती. ती हळूहळू घसरत प्रेमानंदच्या पाठीवर आली.

"काकू, हिच्यावर तसं नाही बसत," विक्की म्हणाला. "दोहीकडं पाय टाकाचे. राणीसारखं टेकून."

"राणी साडी नेसत नव्हती का?"

"अवं, पण घोड्यावर बसतानी—"

"बस कर," भैय्याजी म्हणाले. "मॅडम आहेत त्या."

देवकी उतरली. तिने निऱ्या नीट केल्या आणि गाडीकडे थोडा वेळ पाहिलं. "घ्या," ती म्हणाली. "माझं पाहीन मी."

कागद झाले. विक्कीने किल्ली दिली आणि म्हणाला, "काका, फक्त गेअरकडे लक्ष ठेवा. पहिला खाली, बाकी सगळे वर."

"हो, हो," प्रेमानंद म्हणाला. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गेअर काय सांगायचे? त्याच्या आयुष्यात तीन मोटारसायकली झाल्या होत्या, तिन्ही एकाच कंपनीच्या. तिन्हींत चारही गेअर चवड्याने पुढे दाबून पडायचे आणि टाचेने मागे दाबून उतरायचे. नागपुरात निम्मी माणसं तशाच गाडीवर म्हातारी झाली होती.

भैय्याजी दोन लिंबं घेऊन आले आणि वाकून चाकांपुढे ठेवू लागले.

"आमच्यात नाही करत ते, भैय्याजी," प्रेमानंद म्हणाला.

"तुमच्यात नसंल. गाडी आमच्या दारातून जाऊन राहिली, आमच्या समाधानासाठी तर करू द्या. लिंबाले काय धर्म असते?"

देवकीने नवऱ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे वाद घालू नका. प्रेमानंदने क्लच धरला, चवडा दाबला, गाडी सुटली आणि पुढच्या चाकाखालचं लिंबू फुटलं. दोन हातांवर त्याने दुसऱ्या गेअरसाठी सवयीने पुन्हा चवडा दाबला. गेअर पहिल्यातच राहिला, त्याने क्लच झटक्यात सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. मागच्या चाकापुढचं लिंबू चाकाखालून निसटून साबूत घरंगळत गटारात गेलं.

"हे काही बराबर नाही झालं," भैय्याजी म्हणाले.

"लिंबू वाचलं ना?" देवकी म्हणाली. "मंग बराबरच झालं."

शहरातून घरी येईपर्यंत काही झालं नाही. गर्दीत दुसऱ्याच्या पुढे जायची वेळच आली नाही. रविवारी त्याने एकट्याने चार फेऱ्या मारल्या. तोंडाने 'वर, वर' म्हणत होता तोवर पाय ऐकत होता.

सोमवारी सकाळी देवकी मागे एका बाजूलाच बसली. एका हाताने ती दांडी धरली होती, दुसऱ्या हाताने त्याचा खांदा. कोराडी रस्त्याला लागल्यावर त्याला बरं वाटू लागलं. गुडघा दुखत नव्हता. हवा गार होती. एक राखेचा टँकर पुढे धूळ सांडत चालला होता, त्याच्या बाजूने निघून जावं असं त्याला वाटलं. तो तिसऱ्यात होता. मागून बसचा हॉर्न वाजला आणि त्या क्षणी त्याचं तोंड 'वर' म्हणायचं विसरलं.

चवड्याने लिव्हर खाली दाबला. गाडी दुसऱ्यात गेली, इंजिन किंचाळलं, मागचं चाक धरल्यासारखं झालं. चूक कळली तेव्हा घाईत त्याने टाच दाबली, पण या गाडीला टाचेखाली काहीच नव्हतं. पाय हवेत गेला. देवकी त्याच्या पाठीवर आदळली, तिच्या मांडीवरची डब्याची पिशवी सुटली आणि बसच्या चाकाखाली गेली. बस हॉर्न दाबतच पुढे गेली. गाडी रस्त्याच्या कडेच्या राखेत जाऊन थांबली. दोघं पडले नाहीत, एवढंच.

देवकी खाली उतरली. तिने आधी मनगट वळवून पाहिलं. मग तिने पदर झटकला.

"लागलं का?" प्रेमानंदने विचारलं.

"नाही."

"देवकी, माझा पाय—"

"ड्युटीचा टाइम होऊन राहिला तुमचा. जा. मी ऑटो पाहतो."

त्या दिवशी ती दहा वाजून वीस मिनिटांनी शाळेत पोचली. एकोणीस पोरं पायरीवर बसली होती. खिचडी करणाऱ्या यमुताई त्यांच्यामध्ये पाय पसरून बसल्या होत्या. नव्या शिक्षिका गुंजन मॅडम फाटकाशी उभ्या राहून सारख्या फोन लावत होत्या. पहिलीतला एक पोरगा वाट पाहून कंटाळून एकटाच घरी निघाला होता. घराला कुलूप होतं. यमुताईंनी त्याला टँकरच्या रस्त्यावरून हाताला धरून परत आणलं.

हे सगळं देवकीने संध्याकाळी चहा गाळताना सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "किल्ली मी गुंजनले देऊन टाकली. ते सावनेरहून येते स्कुटीवर. साडेनवाले पोचते."

"साडेआठले नाही?"

"तिचं लेकरू लहान आहे. साडेआठले कशी येईल ते?"

टेबलावर तिची पर्स होती. एरवी किल्लीच्या वजनाने ती एका बाजूला झुकलेली असायची.

मंगळवारी देवकी बसने गेली, बुधवारीही. प्रेमानंद नव्या गाडीवर एकटाच गेला, रस्ताभर पुटपुटत. एकटा असताना तो दोनदा चुकला. वर्कशॉपमध्ये कवडू म्हणाला, "भाऊ, विकून टाका. दुसरं गिऱ्हाईक पाहतो मी. या वयात पाय नाही बदलत. माहा बाप मरेपर्यंत सायकलचाच ब्रेक शोधे स्कूटरवर."

"पाहा," प्रेमानंद म्हणाला. त्याला थकवा आला होता. गुडघ्याचा नव्हे. एवढी वर्षं एक गोष्ट न चुकता केली, आणि आता तेच न चुकणं आडवं येत होतं.

बुधवारी संध्याकाळी तो अंगणात स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसला. इंजिन बंद. क्लच, चवडा, क्लच, चवडा. पाचपैकी तीनदा वर, दोनदा खाली. देवकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. थोड्या वेळाने ती हात पुसत बाहेर आली.

"पहिलीतल्या पोरासारखं करून राहिले तुम्ही," ती म्हणाली.

"विकाले सांगितली कवडूले."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुले मारून टाकलं असतं मी सोमवारी."

"पहिलीतलं पोरगं अंक उलटा काढते तर आपण काय करतो? त्याले म्हणतो का, जा घरी, तुले नाही येत?"

"मी पोरगा नाही वं."

"पोरगं बरं. ते 'हो, हो' नाही म्हणत." ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "समोर उभं राहून हात धरला तर त्याले सगळं उलटं दिसते. मागून धरावा लागते. आणि चुकला म्हणून सांगायचं नाही. चुकायच्या आधी सांगायचं. दाबा क्लच."

त्याने क्लच दाबला. तिने त्याच्या डाव्या खांद्याला मागून दोन बोटांनी खालून वर टोचलं, अंगरखा वर सरकवावा तसं. "वर."

पाय वर गेला.

"आणखी."

पाय वर गेला. पन्नास वेळा तिने करून घेतलं. एक्कावन्नाव्या वेळी ती 'वर' म्हणाली नाही, नुसतं टोचलं. पाय वर गेला.

गुरुवारपासून संध्याकाळी दोघं लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर जाऊ लागले. पहिल्या दिवशी देवकी घरातून पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली, तो तिने पुण्याला मुलाकडे, सौरवकडे, गेली होती तेव्हा घेतला होता. सीटच्या दोन्हीकडे पाय टाकायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. प्रेमानंदने दोन्ही तळवे जमिनीत रोवले आणि गाडी हलू दिली नाही. ती बसली, पाठ दांडीला टेकली, आणि म्हणाली, "विक्की खोटं नव्हता बोलून राहिला."

शेजारच्या सुभद्राबाई कुंपणावर हात टेकून पाहत होत्या. "मॅडम, कशाची शाळा आहे वं ही?"

"गाडीची."

"आणि विद्यार्थी?"

"एकच आहे. मठ्ठ आहे, पण रोज येते."

शुक्रवारी तो दोनदा चुकला, शनिवारी एकदा. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना ते कोराडीपर्यंत जाऊन आले. चुकला नाही, पण येताना त्याचे हात घामेजले होते आणि घरी येऊन तो दोन तास झोपला. देवकीने मनगटाला मलम लावलं. दोघांपैकी कोणालाही मजा आली नव्हती. एक काम उरकलं होतं, एवढंच.

सोमवारी सकाळी ती तोच ड्रेस घालून निघाली. बावीस वर्षांत शाळेत तिला साडीशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. टँकर पुन्हा होता. त्या रस्त्यावर तो रोजच असतो. प्रेमानंद त्याच्या मागे धूळ खात राहिला. मागून काही वाजलं नाही. मग रस्ता मोकळा झाला आणि डाव्या खांद्याला दोन बोटं लागली. त्याने गेअर वर टाकला आणि टँकरच्या बाजूने निघून गेला. पुढे फाट्यापर्यंत तिने आणखी चारदा खांदा टोचला. त्यातले दोन गेअर त्याने तिच्या आधीच टाकले होते. त्याने ते सांगितलं नाही.

गुंजन मॅडमने शनिवारीच किल्ली परत दिली होती, पण सावनेरच्या बाजारातून एक जास्तीची करून स्वतःकडे ठेवली होती. "असू द्या मॅडम," ती म्हणाली होती. "कधी काय होईल सांगता येते का?" देवकीलाही ते पटलं होतं.

फाटकाशी बारा-तेरा पोरं होती. पहिलीतला तो पोरगा आज घरी गेला नव्हता. त्याने आधी गाडी पाहिली, मग मॅडमचा ड्रेस पाहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, तुमाले लग्नाले जायचं आहे?"

"नाही," देवकी म्हणाली. "मले तुमाले शिकवायचं आहे. सरक." आणि ती प्रेमानंदचा खांदा धरून, एकेक पाय मोजत, खाली उतरली.

त्या संध्याकाळी ती सरळ फळ्यापासून येऊन गाडीवर बसली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये प्रेमानंद विंडचिटर काढत होता तेव्हा कवडूने त्याला थांबवलं. डाव्या खांद्यावर, मागच्या बाजूला, खडूचे पांढरे ठिपके होते. दोन दोनच्या जोड्यांनी, एकावर एक.

"भाऊ, खांद्याले काय लागलं गा हे?"

प्रेमानंदने मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. दिसलं नाही.

"गेअर," तो म्हणाला, आणि विंडचिटर न झटकता खुंटीला लावला. "गिऱ्हाईक पाहू नको आता."